साल्हेर किल्ल्याच्या पायथ्याच्या बाबांना

आदरणीय बाबा,

सादर नमस्कार.

तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय, कारण गडावर श्रमदानाला निघालेल्या प्रत्येकाला तुमच्यासारखं कुणीतरी वेळेवर भेटायला हवं.

पहिल्या वर्षी आम्ही पायथ्याच्या वाघांबे गावाकडून वर निघालो तेव्हा टिकाव, फावडी, घमेली होती आणि एकाच्या पाठीवर सिमेंटची अर्धी गोणी. परवानगी गडावरच्या पाण्याच्या टाक्यातला गाळ काढण्यापुरतीच होती, ढासळलेले चिरे बसवण्याची नव्हती. तरी उत्साहाच्या भरात आम्ही तेही करणार होतो. तुम्ही गुरं सोडून मागोमाग आलात, गोणीवर हात ठेवलात आणि एवढंच म्हणालात, "हे खाली न्या." मग सांध्यातला जुना चुना नखानं खरवडून दाखवलात. त्यामागचं कारण मला पुढे कळलं. चुना ओल घेतो आणि सोडतोही. सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि काही वर्षांत दगडाचेच पापुद्रे निघू लागतात. त्या दिवशी तुम्ही अडवलं नसतं तर तो पडका सांधा आम्ही कायमचा बिघडवून ठेवला असता.

पण खरे आभार दुसऱ्याच गोष्टीचे मानायचे आहेत.

सलग दोन वर्षं आम्ही एकच टाकं उपसलं. पावसाळा संपला की ते पुन्हा गुडघाभर भरलेलं. तिसऱ्या वर्षी तुम्ही काठावर बसलात, घमेल्यातला मूठभर गाळ उचललात आणि तळहातावर चुरडलात. त्यात काळे कण होते. जळक्या गवताचे, कारवीच्या जळक्या काड्यांचे. तुम्ही वरच्या उताराकडे बोट केलंत. उन्हाळ्यात वणवा लागतो, मुळं जळतात, माती मोकळी होते आणि पहिल्याच जोरदार सरीबरोबर टाक्यात उतरते. आम्ही टाकं साफ करत होतो, डोंगराकडे आमचं लक्षच नव्हतं.

त्या दिवसापासून मला साल्हेर वेगळा दिसायला लागला. १५६७ मीटर उंचीचा, महाराष्ट्रातला सर्वात उंच किल्ला, परशुरामाचं मंदिर, गंगासागर तलाव, कातळात खोदलेल्या पायऱ्या, हे सगळं मी पुस्तकातून पाठ केलं होतं. पण हा सीमेवरचा गड. एका बाजूला खानदेश, दुसऱ्या बाजूला गुजरात, सुरत-बुऱ्हाणपूरच्या वाटेवरचं बागलाण. महाराजांनी १६७१ मध्ये तो घेतला आणि मोगलांनी वेढा घातला. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर वेढा मोडायला आले, ते घनघोर युद्ध तटावर नाही, खाली मोकळ्या रानात झालं. सरदार सूर्यराव काकडे त्यात धारातीर्थी पडले. म्हणजे तुम्ही नागली पेरता तो हा सगळा पायथाही गडाइतकाच जपायचा आहे. समोरचा सालोटा किल्ला, मधली खिंड, पलीकडचा मुल्हेर किल्ला, यातलं काही वजा केलं तर हा किल्ला इथे का बांधला हेच कळणार नाही.

११ जुलै २०२५ ला 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात साल्हेर आहे. त्या नावातला 'भूप्रदेश' हा शब्द वाचला आणि तुमचा तो तळहात डोळ्यांसमोर आला. आता गर्दी वाढणार. राज्य पुरातत्त्व संचालनालय दगडांकडे बघेल, पण उतारावरचं गवत, गुरांच्या वाटा, पाण्याचे चर यांची खडान्खडा माहिती तुम्हा गावकऱ्यांकडेच आहे. कुठलाही आराखडा करताना तुम्हाला आधी विचारलं गेलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या फाल्गुनात खिंडीच्या अंगाला वणवा लागला तेव्हा तुम्ही गावातली पोरं घेऊन रात्री निरगुडीच्या डहाळ्यांनी तो झोडपून विझवलात. आम्हाला सकाळी फोनवर कळलं. तुमच्या हाताला भाजलं होतं, ते तुम्ही सांगितलंही नाहीत. यंदा पावसाळ्यानंतर टाक्यावर गेलो तर गाळ जेमतेम वीतभर होता. पाणी इतकं नितळ की तळातल्या टिकावाच्या खुणा दिसत होत्या. कितीतरी वेळ मी तिथे नुसता बसून होतो.

बाबा, दिवाळीनंतर गवत पिवळं पडलं की आम्ही पंधरा जण येतोय. वन खात्याशी बोलणं झालंय, वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून ठेवायचे ते जाळपट्टे त्यांच्या माणसांबरोबरच काढायचे आहेत. कुठून कुठवर काढायचे ते तुम्ही पुढे चालून दाखवा. मागच्या खेपेला तुमचा कोयता आमच्या सामानात आला होता. धार लावून ठेवलाय, घेऊन येतो.

तुमचा,
टाक्यावरचा गाळवाला