आलवण, इद्दत आणि तोंडात कोंबलेला घास

दापोली, जि. रत्नागिरी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की, नवाल अल सादावी यांची 'वूमन अ‍ॅट पॉइंट झीरो' वाचून तुला इजिप्तमधल्या बायकांची कीव आली आणि आपण कोकणात जन्मलो याचे बरे वाटले. त्या वेळी पडवीत आंब्याच्या पेट्या भरण्याची घाई चालली होती, म्हणून मी नुसते 'हं' म्हटले. पण ते वाक्य मनातून जाईना.

त्या कादंबरीतली फिर्दौस फाशीची वाट पाहत तुरुंगात आपली हकिकत सांगते. म्हाताऱ्या नवऱ्याने मारले म्हणून ती काकाच्या घरी पळून येते तेव्हाचा प्रसंग तू पुन्हा वाच. काका कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकलेला, आणि काकूच तिला समजावते की धर्म जाणणारे नवरेसुद्धा बायकांना मारतातच. काकू दुष्ट आहे असे मला वाटले नाही. तिच्या लेखी हे जगाचे व्यवहारज्ञान आहे. रडत माहेरी आलेल्या लेकीला 'आता तेच तुझे घर' असे सांगून संध्याकाळच्या एसटीत बसवून देणाऱ्या आया मी आपल्या स्टँडवर पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीचेही मन मला दगडाचे वाटले नाही.

कीव करायची तर आपल्या घराजवळच्या मुरूडपासून सुरुवात करावी. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली गोदूबाई या विधवेशी विवाह केला, म्हणून त्यांच्याच मुरूडने त्यांना वाळीत टाकले होते. विधवेचे केशवपन करायचे, तिला आलवण, म्हणजे विधवेचे तांबडे लुगडे, नेसवायचे आणि शुभकार्यात तिने समोर यायचे नाही, ही आपली संस्कृती होती. विधवांच्या हालांवरचे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूच्या तोंडूनच तिची कहाणी वदवली. (दोघेही पुरुष, हे विसरू नकोस, बायकांना लिहू देण्याआधी त्यांच्या वतीने लिहिणे समाजाला सोपे गेले.) विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आले तेव्हा आलवण मागे पडू लागले होते आणि मुली शिकून कमावू लागल्या होत्या, पण त्यातल्या एका कथेचे नावच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असे आहे. लेखिकेने टोपणनाव घेतले होते, यावरून काय ते समज.

मला सर्वांत जवळचे पुस्तक मात्र सेनेगलच्या मारियामा बा यांचे, १९७९ साली फ्रेंचमध्ये आलेले 'सो लाँग अ लेटर'. तेही एक पत्रच आहे. नवरा वारल्यावर इद्दतीचे, म्हणजे मुसलमान विधवेने पाळायच्या मुदतीचे, चार महिने दहा दिवस घरात बसलेली रामातुलाय आपल्या मैत्रिणीला लिहिते. नवरा वकील, सुधारक विचारांचा, प्रेमविवाह केलेला; पंचवीस वर्षांच्या संसारानंतर तो मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरे लग्न लावतो आणि ही बातमी हिला लग्न झाल्यावर, घरी आलेल्या इमामाकडून आणि नातेवाइकांकडून कळते. मैत्रीण अशाच प्रसंगी नवरा सोडून गेली होती. ही बारा मुलांसह राहते. लेखिका दोघींपैकी कोणालाही चूक ठरवत नाही, आणि रामातुलाय श्रद्धाळूच राहते. तिचा राग धर्मावर नसून, धर्माने दिलेली मुभा आपल्या सोयीने वापरणाऱ्या सभ्य माणसांवर आहे. 'तिकडचा धर्मच तसा' असे म्हणून हे पुस्तक मिटणाऱ्याला ते कळलेच नाही, असे माझे मत आहे.

हान कांग यांच्या 'द व्हेजिटेरियन'मध्ये तर इद्दतही नाही आणि सवतही नाही. आधुनिक दक्षिण कोरियातली एक विवाहित बाई मांस खाणे सोडते, एवढेच. आणि सगळे घर जमलेले असताना बाप तिला थप्पड मारून तिच्या तोंडात मांसाचा घास कोंबतो. कादंबरीचे तीन भाग नवरा, मेहुणा आणि बहीण यांच्या नजरेतून येतात. तिची स्वतःची वाणी स्वप्नांच्या तुकड्यांपुरती उरते. बाई काय खाते यावर घराची सत्ता असते, हे मला कोरियाकडून शिकावे लागले नाही. तुझी आजी पाळीच्या चार दिवसांत मला मागीलदारी बसवी आणि तळलेल्या सुरमईची मोठी तुकडी माझ्यासाठीच राखून ठेवी. तिचा जाच आणि तिची माया मला आजही वेगवेगळी करता येत नाही. चांगली कथाही ती वेगळी करत नाही, म्हणून तिच्यातला जुलूम खरा वाटतो. ज्या पुस्तकांत सगळे पुरुष राक्षस असतात ती मी अर्ध्यावर ठेवते.

आता आपल्याच जिल्ह्यातले. लेखिका ऊर्मिला पवार फणसवळ्याच्या. जातीची आणि बाईपणाची कुचंबणा एकाच अंगावर कशी येते हे त्यांच्याइतके रोखठोक मी फार थोड्या ठिकाणी वाचले. त्यांची 'कवच' ही कथा आंबे विकणाऱ्या आईची आणि तिच्या शाळकरी मुलाची आहे. गिऱ्हाइके मालाच्या आडून आईविषयी दुअर्थी बोलतात, आणि लाजेने मरतो तो मुलगा. त्या कथेची झेरॉक्स या पाकिटात ठेवली आहे.

तू सातवीत असताना हर्णै रस्त्याला आपला आंब्यांचा स्टॉल होता. एका दुपारनंतर तू तिथे यायचेच बंद केलेस. कारण तू सांगितले नाहीस आणि मीही विचारले नाही. कथा वाचून झाली की मला फोन कर, पेट्या आता भरून झाल्या आहेत.

तुझी,
आई