विमानतळ आला म्हणून घर घेताना…

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला, वर्षअखेरीस नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणेही सुरू झाली. तेव्हापासून उलवे, द्रोणागिरी, पनवेल इथे ‘दुसरे घर घ्या, भाड्यातून हप्ता सुटेल’ असे सर्रास सांगितले जाते. कृपया आधी हिशेब मांडा.

७५ लाखांच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के, म्हणजे ६० लाख कर्ज देते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी त्यात धरत नाहीत, ते पदरचे. ८ टक्के व्याजाने २० वर्षांचा हप्ता ५० हजारांवर जातो आणि पहिल्या वर्षी त्यातले जवळपास पावणेपाच लाख नुसते व्याजच असते. भाडे धरूनही उरणारा तोटा जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच करपात्र पगारातून वजा होतो. नव्या प्रणालीत तेवढाही नाही. मेंटेनन्स आणि भाडेकरू नसलेले महिने वेगळेच. शिवाय सिडकोच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील घर विकताना हस्तांतरण शुल्क लागते, हे एजंट क्वचितच सांगतात.

राहायला घर घेणाऱ्यांनी जरूर घ्यावे, दर उतरल्याचा त्यांना खरा फायदा आहे. मात्र जुने कर्ज एमसीएलआरवर (बँकेने स्वतःच्या निधीच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर) असेल तर ही कपात तितक्या लवकर पोहोचत नाही. बँकेत जाऊन रेपोशी जोडून घेण्याचा अर्ज आजच द्यावा.

– एक वाचक, नेरूळ