वजनावर माप, मांडीपाशी गळती : डायपर कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपले एम साइजचे पँट डायपर मांडीतून गळणे, बाळाच्या जांघेत चट्टे येणे आणि पाकिटावरचा ‘१२ तास’ हा दावा.

महोदय,

माझी तक्रार आपल्या टोल-फ्री नंबरवर नोंदवलेली आहे. तिथल्या ताईंनी एक साइज मोठी घ्यायला सांगितलं आणि त्याच मालाचं एक पाकीट फुकट पाठवते म्हणाल्या. पाकीट नको. माझं म्हणणं माल बनवणाऱ्यांपर्यंत पोचावं म्हणून हे लिहून पाठवते आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका गावात शिवणकाम करते. मुलगी नऊ महिन्यांची, रांगते. अंगणवाडीत वजन भरलं ७ किलो ६०० ग्रॅम. तुमच्या पाकिटावर एम म्हणजे ७ ते १२ किलो. आता ७ किलोच्या आणि १२ किलोच्या लेकराची मांडी सारखी असते का? ब्लाऊज शिवताना मी बाईचं वजन विचारत नाही. छाती, कंबर, दंडघेर मोजते. तुम्ही मांडी सोडून वजन धरता आणि गळतं नेमकं मांडीपाशी. एल घेतला तर फट आणखी वाढेल, एस कमरेला काचतो. वजनाच्या शेजारी मांडीचा घेर सेंटिमीटरमध्ये छापायला असा काय खर्च येतो?

न वापरलेले काही नग मी कात्रीने उघडून पाहिले. आतून जांघेच्या दोन्ही बाजूंना जी पट्टी असते, ती उभी राहिली तरच पातळ शी आणि लघवी अडते. तिच्या कडेत रबराचे बारीक धागे ताणून चिकटवलेले असतात. या पाकिटातल्या काही नगांत धागा टोकाशी सुटून आत सरकला होता आणि पट्टी आडवी पडली होती. ताणलेल्या धाग्याला टोकाला पकड नसली की तो आत पळतो, हे इलॅस्टिक लावणाऱ्या कोणत्याही बाईला माहीत असतं. तुमच्याकडे हे कोण तपासतं?

मग मधली गादी. लाकडाचा लगदा आणि पाणी शोषणारे दाणे. बाळ रांगलं की हा लगदा मधून फाटतो आणि पुढे गोळा होतो. त्यात ओले दाणे फुगून एकमेकांना चिकटले की नंतर येणाऱ्या लघवीला वाट राहत नाही, ती वरच्या वर कडेला वाहते. म्हणून मागचा अर्धा भाग कोरडा असताना डायपर गळतो. शिवाय मुलींची लघवी मध्यावर पडते आणि तुमची भर सगळी पुढच्या बाजूला. मुलगा-मुलगी दोघांना एकच गादी द्यायची तर मध्यालाही भर हवी ना.

जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवता. शुद्ध पाणी हे दाणे स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट धरतात. लघवीसारख्या खारट पाण्याला तेच प्रमाण तिसेक पटींवर येतं. मी बारावी सायन्स शिकले आहे. लिटरला ९ ग्रॅम मीठ घातलेलं कोमट पाणी डायपरवर थोडं थोडं ओतलं आणि वर मुलीच्या वजनाएवढा तांदळाचा डबा ठेवला. कडेने पाणी आलं. अशी परीक्षा तुम्ही घेता का, आणि घेत असाल तर आकडे पाकिटावर का नाहीत?

कपडे भिजतात याचा मला तेवढा राग नाही, धुता येतात. राग आहे तो ‘१२ तास’ या अक्षरांचा. ती पाकिटाच्या पुढे, लांबून वाचता येतील अशी. मागे बारीक इंग्रजीत लिहिलंय की दर ३-४ तासांनी बदला. एका नगाला १२ रुपये मोजणारं घर कोणती ओळ पाळेल, हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे. मराठी तर पाकिटावर कुठेच नाही.

या उन्हाळ्यात मुलीच्या जांघेत लाल चट्टे आले, कडेला बारीक पुटकुळ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर म्हणाल्या, बुरशी आहे. औषध, वर झिंक ऑक्साइडचं मलम, आणि जमेल तितकं उघडं ठेवा. त्यांनी कारणही सांगितलं. कातडीला स्वतःची थोडी आम्लता असते. लघवी आणि शी एकत्र राहिली की लघवीतल्या युरियापासून अमोनिया होतो, आम्लता मोडते आणि शीमधले पाचक रस कातडीलाच खाऊ लागतात. ओल आणि घाम त्यात भर. सासूबाईंचं सुरुवातीपासून एकच, “थे पलास्टिक कायले बांधून ठेवता तिले?” पण पावसाळ्यात लंगोट वाळत नाहीत, एस.टी.च्या प्रवासात बदलायला जागा नसते. तेव्हा डायपर लागतोच.

पाकिटावर ‘हवा खेळती’ असंही छापलंय. डायपरमध्ये गरम पाणी ओतून बाहेरच्या बाजूला काचेचा कोरडा ग्लास उपडा धरला. वाफ बाहेर येत असती तर काच धुरकट झाली असती. झाली नाही. दुसऱ्या एका कंपनीच्या डायपरवर झाली. म्हणजे तसं प्लास्टिक बनतं, तुम्ही वापरत नाही. इकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि घरावर टिन असतं, तिथे हे बंद प्लास्टिक काय करत असेल?

वापरलेल्या डायपरचं वेगळं रडगाणं आहे. गावात घंटागाडी येत नाही. खताच्या खड्ड्यात टाकला तर कुत्री ओढून नेतात, राहिलेला शेणखताबरोबर शेतात जातो. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी डायपर कंपन्यांना सांगितलं होतं : रिसायकल होणारं साहित्य वापरता येतं का ते पाहा, नाहीतर प्रत्येक नगामागे गुंडाळायला पिशवी द्या. तुमच्या पाकिटात पिशवी निघाली नाही.

पैसे परत करा, ते तर आहेच. त्याखेरीज या बॅचचा माल बाजारातून काढा, ‘१२ तास’ खोडा आणि बदलण्याची सूचना मराठीत, पुढच्या बाजूला छापा. डायपरसाठी आयएस १७५०९ : २०२१ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख पाकिटावर सापडला नाही. माल त्यानुसार तपासला आहे का, ते लेखी कळवा. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि मग यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

सोबत बिलाची झेरॉक्स, बॅच नंबर असलेलं पाकीट, कापलेले नग आणि त्याच पाकिटातले काही न उघडलेले नग पाठवते आहे. फोन करायचा तर दुपारी २ नंतर करा. सकाळी मशीन चालू असतं, ऐकू येत नाही.

आपली ग्राहक,
घाटंजी तालुका, जि. यवतमाळ