वाचून दाखवणारेही मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे १५ ऑक्टोबरला, तुमच्या पुरवणीत खेड्यापाड्यांतलं वाचन संपत चालल्याचा लेख आला होता. आमच्या वाचनालयात तो तीन म्हाताऱ्यांनी माझ्याकडून वाचून घेतला. एकाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, दुसऱ्याचा चष्मा फुटलाय आणि तिसऱ्यांनी शाळाच पाहिलेली नाही. ऐकून झाल्यावर ते तिसरे म्हणाले, "मग आपुन रोज इथं काय करायलोत?" त्यांचा प्रश्न तुमच्यापर्यंत पोचावा म्हणून हे पत्र लिहिते आहे.

केज तालुक्यातल्या एका गावात गेली २४ वर्षं मी वाचनालय सांभाळते. 'ड' वर्गाचं आहे, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालचं. दोन खोल्या, चार लोखंडी कपाटं, बाहेर लिंबाखाली एक बाकडं. २०२२ साली सरकारने अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा 'ड' वर्गाचे वर्षाचे ३० हजार होते त्याचे ४८ हजार झाले. मानधन, पेपरची बिलं, लाइट, कपाटांचा रंग हे सगळं त्यातूनच. नव्या पुस्तकांना काय उरत असेल, त्याचा हिशेब वाचकांनीच करावा. तरीही आमच्या देवघेव वहीचं पान कोरं राहिलेला आठवडा मला आठवत नाही. अपवाद फक्त सोयाबीन काढणीचा. त्या दिवसांत गावात माणूसच नसतो.

गाव काय वाचतं? पहाटे धावण्याचा सराव करून आलेली पोलीस भरतीची पोरं घामेजल्या अंगानं नऊपर्यंत बसतात. मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००, आणि त्या लेखीत मराठी व्याकरणही. यांच्या वाचनाला वाचन म्हणू नये असं तुमच्या लेखकांचं म्हणणं दिसलं. मला ते पटत नाही. ज्या घरात कॅलेंडरशिवाय छापील कागद नव्हता, तिथला पोरगा रोज अग्रलेख वाचतो, अडलेला शब्द विचारायला उठून माझ्यापाशी येतो. त्यातल्या दोघांनी तर भरती हुकल्यावर कादंबऱ्या न्यायला सुरुवात केली. बापे माणसं बाजारभाव आणि हवामान आधी बघतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाची दैनंदिनी आली की हातोहात फिरते, तिची पानं सुटेपर्यंत. श्रावणात 'हरिविजय' ग्रंथ मंदिरात जातो तो पोळा झाल्यावरच परत येतो. सुना फोनवर प्रतिलिपी अ‍ॅपवरच्या कथामालिका वाचतात, रोज एक भाग, भाकरी थापताना फोन पिठाच्या डब्याला टेकवून. त्यातल्या सगळ्याच कथा मला आवडतात असं नाही. पण त्याच सुना आता "बाई, एखादी जाड कादंबरी द्या, लवकर संपणार नाही अशी" म्हणत येतात.

आमच्याकडचं निम्मं वाचन कुणीतरी कुणाला तरी वाचून दाखवत असतं. सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसलेली माणसं पन्नास असली, तर मागे ऐकणारी दोनशे. २०२३ च्या हिवाळ्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा तर वाचनालयासमोर रांग लागत होती. लोकांच्या हातात मोडीतल्या, उर्दूतल्या जुन्या कागदांच्या झेरॉक्स. मला दोन्ही येत नाहीत. गावात नव्वदी ओलांडलेले एक आजोबा आहेत, निजामाच्या शाळेत शिकलेले. त्यांना खुर्चीवर बसवून आणलं. ते एकेक ओळ बोट ठेवून वाचत, आणि आपल्या पणजोबाचं नाव कागदातून ऐकताना चांगली मोठी माणसं गप्प होत. कागद कशासाठी हवा होता ते ज्याचं त्याला ठाऊक. मी पाहिलं ते इतकंच, की वाचता येणाऱ्या एका म्हाताऱ्यामुळे अख्ख्या गावाला वाचायला मिळालं.

पण मला मुख्य सांगायचंय ते वेगळंच आहे.

आमच्या गावातून दरवर्षी ऊसतोडीला कोयत्याच्या टोळ्या जातात, कोल्हापूर-सांगलीकडे, काही कर्नाटकात. दिवाळी झाली की निघायचं आणि पाडव्याच्या आगेमागे परतायचं. मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं, पण धाकटी भावंडं सांभाळायला म्हणून मोठी मुलगी बहुतेक वेळा सोबत नेलीच जाते. तीन वर्षांपूर्वी अशीच एक सातवीतली मुलगी निघायच्या आदल्या रात्री वाचनालयात आली. कुलूप लावत होते. म्हणाली, "बाई, पाच पुस्तकं देता का? पाच महिन्याची." नियम एका वेळी एक पुस्तक, पंधरा दिवस. मी पाच दिली. त्यात अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' होती, ती तिनं स्वतः काढून घेतली. तिच्या आईनं सांगितलं होतं म्हणे.

मार्चअखेर ती परत आली. पाचही पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत, वर सुतळी बांधलेली. उघडल्यावर आधी धुराचा वास आला. 'फकिरा'च्या पानांत खुणेसाठी उसाचं पाचट घातलेलं, आणि एका पानावर पाची बोटांचे चिकट डाग. मी विचारलं, हे कसले गं? तर म्हणाली, "माझे न्हाईत. शेजारच्या कोपीतल्या मावशीचे. तिला बघायचं होतं, फकिरा कुठं लिहिलाय ते." रात्री उसाची गाडी भरून झाली की कोप्यांसमोर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांसमोर, चूल पेटायची. ही वाचायची आणि बाया ऐकायच्या. फकिरा धान्य लुटून उपाशी माणसांना वाटतो, तो भाग बायांनी तिला तीनदा वाचायला लावला. एरवी थकून पडणाऱ्या बाया, पहाटे चारला उठून फडात जाणाऱ्या. मी विचारलं, किती जणी असायच्या? तिनं बोटं मोजली. अकरा.

वहीत देवघेवीच्या रकान्यापुढे शेऱ्याची जागा असते. तिथं मी लिहिलं: वाचक १, ऐकणाऱ्या ११. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी पुस्तकं मुदतीत परत आली नाहीत म्हणून त्या ओळीवर लाल शाईनं खूण केली. शेरा त्यांनी वाचला की नाही, मला कळलं नाही. ती वही मी जपून ठेवली आहे.

तेव्हापासून दरवर्षी मी टोळीसोबत एक पेटी देते. पत्र्याची, पूर्वी लग्नात यायची तशी. तीस-चाळीस पुस्तकं बसतात. पेटी कुणाच्या गाडीत जाणार हे मुकादम ठरवतो, आणि ती सांभाळायचं काम वाचता येणाऱ्या एका पोरीकडे. गेल्या वर्षी चार पुस्तकं पावसात भिजली, दोन हरवली. त्यांची किंमत मी भरली आणि पुन्हाही भरेन. आम्हा ग्रंथपालांना एवढी सूट मिळाली पाहिजे, की स्थलांतरित कुटुंबाला हंगामभरासाठी पुस्तकं देता यावीत आणि ती मुदतबाह्य धरली जाऊ नयेत. नियम करणाऱ्यांनी याचा विचार करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

आणि तुमच्या वाचकांना दुसरी विनंती. अंबाजोगाई, बीड, लातूर, परभणी, सगळ्याच शहरांत घराघरांत मागच्या वर्षांचे दिवाळी अंक पडून असतात. रद्दीत किलोवर जातात. ते जवळच्या खेड्यातल्या वाचनालयात आणून द्या. अंक जुना असला तरी चालतो, गोष्ट काही शिळी होत नाही. फक्त बारीक टाईपाचे नकोत. कोपीत उजेड म्हणजे बॅटरीवरचा एक दिवा, त्यात बारीक अक्षर दिसत नाही. विनोदी कथा जास्त द्या, बायांना हसायला आवडतं. लहान पोरांसाठी चित्रांची पुस्तकं असतील तर फारच बरं, ती फाटलेली असली तरी आम्ही खळ लावून चिकटवून घेऊ.

यंदा पेटी नेणारी मुलगी दहावीत आहे. 'फकिरा' नेणारी तीच. ती काल येऊन पेटीच्या कडीला तेल लावून गेली. आमच्या टोळ्या भाऊबीजेच्या तिसऱ्या दिवशी निघतात, आणि पेटी अजून निम्मी रिकामी आहे.

आपली,
एक ग्रंथपाल
ता. केज, जि. बीड