उद्यमनगरातल्या काकांना, स्विफ्टच्या पुढच्या स्ट्रटबद्दल मनापासून थँक्यू

काका, नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी टायरचे फोटो पाठव" म्हणून विषयच संपवता, म्हणून हे लिहूनच टाकतोय आणि सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे गाडीला कस्टम स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला सस्पेन्शनचा खांब) बसवायला निघालेल्या बाकीच्या पोरांनाही उपयोग होईल.

गाडी कोल्हापूरला तुमच्याकडं आणली तेव्हा ऑर्डर देऊन बनवून घेतलेले स्ट्रट बसवलेले, पुढून गाडी ४० मिलिमीटर खाली, दिसायला एक नंबर. पण ब्रेक मारता मारता खड्डा लागला की स्टीअरिंग हातातून ओढून घ्यायचं आणि एका बाजूचा टायर आतल्या कडेनं सपाट होत चाललेला. अलाइनमेंट केली की टो (वरून बघता चाक आत-बाहेर किती वळलंय ते) परफेक्ट, कॅम्बरबद्दल (समोरून बघता चाक किती कललंय, वरची कड आत असेल तर उणे) विचारलं की "या गाडीला तो अ‍ॅडजस्टच होत नाही साहेब" एवढंच उत्तर.

तुम्ही गाडीला हात लावायच्या आधी अलाइनमेंटचा प्रिंटआउट मागितलात. डाव्या चाकाचा कॅम्बर उणे १.८ डिग्री, उजव्याचा उणे ०.५, आणि तुमचं बोट थेट खालच्या ओळीवर, स्टीअरिंग अ‍ॅक्सिसच्या कलावर, जो दोन्हीकडं सारखा होता. मला म्हणालात, वरचं बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट या चाकाच्या दोन बिजागऱ्या, त्या दोन्ही जागेवर आहेत आणि तरी चाक वेगळं कलतंय, म्हणजे घोळ नकल (चाकाचा हब धरणारा भाग) आणि स्ट्रटच्या मधे आहे. स्ट्रट काढून व्ही-ब्लॉकवर ठेवले, नकल जिथं बोल्टनं बसतो त्या ब्रॅकेटच्या भोकांतून सरळ बार घातला आणि डाव्या-उजव्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगमधला एक डिग्रीहून जास्त फरक नुसत्या डोळ्यांना दिसला. एका कागदावरून एवढं ओळखणारा माणूस मी तरी दुसरा बघितलेला नाही. तुम्ही दोन्ही ब्रॅकेट कापून एकाच जिगवर (पक्क्या साच्यावर) परत वेल्ड करून घेतलेत.

मला वाटलं झालं काम. तुम्ही म्हणालात आत्ता कुठं सुरुवात, अलाइनमेंट उभ्या गाडीची असते, आपल्याला चालती गाडी बघायचीय. मग स्प्रिंगशिवाय स्ट्रट बसवला, स्टीअरिंग लॉक केलं, हबवर सपाट प्लेट, तिच्या पुढच्या-मागच्या कडेला एकेक डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मीटर), आणि जॅकनं चाक १०-१० मिलिमीटर वर घेत प्रत्येक टप्प्याला आकडे लिहीत गेलात. कंपनीच्या उंचीच्या आसपास टो जवळजवळ हलत नव्हता, आणि त्या ४० मिलिमीटर खालच्या जागेपासून पुढं वर नेलं की चाक भराभर टो-आउट होत होतं, म्हणजे पुढून बाहेर वळत होतं. खड्ड्यात स्टीअरिंग का ओढतं ते मला त्या कागदावर पहिल्यांदा दिसलं, कारण टाय रॉड (स्टीअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) आणि लोअर आर्म (चाक खालून धरणारा) आपापल्या कमानीत फिरतात आणि तेवढ्या खाली त्या दोन कमानी एकमेकींशी जुळतच नाहीत.

रोल सेंटर, म्हणजे वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, तर तुम्ही जमिनीवर खडूनं फुल साइज काढून दाखवलात. स्ट्रटच्या वरच्या टोकातून स्ट्रटला काटकोनात एक दोरी, लोअर आर्मच्या रेषेत दुसरी, दोन्ही जिथं भेटतात तिथून टायरच्या तळापर्यंत तिसरी, आणि ती गाडीच्या मध्यरेषेला कुठं कापते ते बघायचं. आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलला गेला की तो बिंदू बॉडीपेक्षाही जास्त खाली जातो, म्हणून गाडी खाली करूनसुद्धा वळणात जास्त झुकू शकते, आणि शिवाय चाक वर जाताना निगेटिव्ह कॅम्बर मिळायचा तो मिळत नाही, पुढं पुढं तर उलटा पॉझिटिव्हकडं जातो. स्विफ्टच्या या मॅकफर्सन प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये वरचा आर्मच नसतो, स्ट्रट हाच वरचा दुवा, त्यामुळं स्ट्रट बदलणं म्हणजे नुसता शॉकअप बदलणं नाही, हे तुमचं वाक्य मी आता प्रत्येकाला ऐकवतो.

सगळ्यात जास्त आभार मात्र पुढच्या निर्णयाचे. त्या कमानी जुळवायला मी लांब स्टडचे (खिळीचे) बॉल जॉइंट आणि टाय रॉडला रोझ जॉइंट (रबर नसलेला, रेसिंगमधला उघडा धातूचा जॉइंट) घालायला तयार होतो, पैसेही बाजूला काढून ठेवलेले. तुम्ही सरळ नाही म्हणालात, रोज पावसा-चिखलात चालणाऱ्या गाडीला रोझ जॉइंट लवकर ढिला होतो आणि लांब स्टडवर वाकवणारा जोर वाढतो, ट्रॅकवर ठीक, इथं नको. त्यापेक्षा ज्या उंचीला त्या आकड्यांचा आलेख सपाट आहे, म्हणजे टो फारसा हलत नाही, तिथंच गाडी ठेव, असं म्हणून ४० ऐवजी २५ मिलिमीटर खाली एवढ्यावर आणलीत आणि स्ट्रटची ट्यूब कापून आखूड केलीत, म्हणजे वर जायला ट्रॅव्हल पुरेसा राहिला आणि बंप स्टॉपवर (स्ट्रट पूर्ण दबला की लागणाऱ्या रबरी अडवणीवर) आपटणं बंद. लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे टाइट करायचे, नाहीतर आर्मचे रबरी बुश कायम पिळलेले राहतात, हेही तिथंच शिकलो.

स्वतःचं चालू काम बाजूला ठेवून तुम्ही माझ्याकडून फक्त लेथ आणि वेल्डिंगचे पैसे घेतलेत, आणि मापांचा कागद मला देऊन टाकलात. आता आंबोली घाटात तुटलेल्या रस्त्यावर ब्रेक मारला तरी स्टीअरिंग सरळ राहतं. टायरची झीज दोन्हीकडं सारखी आहे, फोटो पाठवलेत, बघून घ्या. मित्राची रिट्झ पुढच्या महिन्यात तुमच्याकडं आणतोय, प्रिंटआउट सोबत असेल. थँक्यू काका, अगदी मनापासून.