मनू, मृगाच्या आधी दोन दिवसांसाठी ये

प्रिय मनू,

परवा फोनवर तू म्हणलीस की आई, गावचं घर पाडून टाका आता, स्लॅबच्या दोन खोल्या बांधा, तुमची दरवर्षीची दगदग तरी थांबेल, आणि मी नुसतं बघू म्हणून फोन ठेवला. तेव्हापासनं डोक्यात तेच चाललंय. फोनवर मला धड बोलता येत नाही गं, तू ऑफिसातनं बोलत असतेस, मागं कुणीतरी तुला हाका मारत असतं, म्हणून आज सगळं टाईप करून पाठवतेय. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाच.

आधी हे सांगते की तुझं काही चुकलेलं नाही. मागच्या सप्टेंबरात झड लागली तेव्हा देवघराकडचा माळवदाचा, म्हणजे आपल्या मातीच्या छताचा, कोपरा बसला, त्याचा फोटो पप्पांनी ग्रुपवर टाकला आणि तू घाबरलीस. घाबरण्यासारखाच होता तो. पप्पांचे गुडघे दुखतात, मला शिडी चढताना धाप लागते, जुळे सोलापुरातनं मंगळवेढ्याला जायचं, तिथनं पुढं गावात, दर पंधरा दिवसांनी, हे सगळं खरंय. पण फोटोत तुला पडलेली माती दिसली. मी त्या दिवशी शिडीवर चढून आत हात घातला होता, मला काय दिसलं ते तुला सांगायचंय.

कोपरा बसला ना, तिथं माळवद वडी कापल्यासारखं उघडं पडलं होतं. खाली सागवानी तुळई, तिच्यावर सरं म्हणजे आडवी लाकडं, सरांवर लिंबाच्या किलच्या म्हणजे लाकडाच्या बारीक पट्ट्या जवळ जवळ मांडलेल्या, त्यावर पाल्याचा थर, तो आता काळा भुसा झालाय, आणि मग वर माती. नुसती पांढरीची माती, थरावर थर. दरवर्षी मृगाच्या आधी आपण गवत उपटून, भेगा बुजवून वरनं मातीचा हात फिरवतो ना, ते एकेक वर्ष वेगळं दिसतं मनू. मध्ये भुस्कटाची बारीक पिवळी रेघ, मग माती, परत रेघ. वरचे दोन-चार थर माझ्या एकटीच्या हातचे. त्याच्या खालचे मी आणि तुझ्या आज्जीनं मिळून केलेले. आणि त्यातल्या एका थरात हिरव्या बांगडीचा तुकडा होता, नखाएवढा, वाकडा. आज्जीच्या हातात हिरव्या बांगड्या 2004 पर्यंत होत्या, त्या साली आजोबा गेले आणि त्यानंतर तिनं कधी घातल्या नाहीत. म्हणजे तो थर त्याच्या आधीचा. माती कालवताना तिच्या बांगड्या हमखास फुटायच्या, मी म्हणायची आत्या, काढून ठेवा की, तर म्हणायच्या, फुटली तर फुटली, बांगडी काढून घराला हात लावायचा नाही. तो तुकडा मी पुसून देवघरातल्या कोनाड्यात ठेवलाय. फोटो काढला होता पण फोटोत तो नुसता काचेचा तुकडा दिसतो म्हणून तुला पाठवला नाही.

तू लहानपणी विचारायचीस की आपल्या शेतात एवढी माती असताना माळवदासाठी गावातनं माती का आणायची. तेव्हा आजोबा हसून म्हणायचे, शेत काळीत आणि घर पांढरीत. आत्ता मला त्याचा अर्थ जास्त कळतो. आपली काळी पाणी प्यायली की फुगते आणि उन्हात फाटते, मे महिन्यात भेगेत पाय जाईल इतकी. म्हणून तर ती पावसाचं पाणी पोटात धरून ठेवते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली मालदांडी पुढं पाऊस नसला तरी त्याच ओलीवर येते. हीच आपली मंगळवेढ्याची ज्वारी, तिला 2016 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा तूच मला बातमी पाठवली होतीस. पण तीच काळी माळवदावर टाकली तर पहिल्या उन्हातच फाटेल आणि घर गळेल. पांढरी तशी नाही. ती जुन्या गावठाणाच्या टेकाडाची, चुनखडीची, राखेची, शेकडो वर्षं माणसं राहिली त्या जागेची माती. ठोकली की बसते आणि पाणी अडवते. कुणाकुणाच्या चुली, कुणाच्या पडलेल्या भिंती, सगळं त्यात मिसळलेलं असणार. आपल्या डोक्यावर एवढे दिवस काय होतं हे कळलं की मला तिथं झोपताना वेगळंच वाटतं.

आता 1993 चं सांगते, कारण ते तुला कुणी नीट सांगितलेलं नाही. आणि आपलं अर्धं घर पत्र्याचं का आहे ते त्यातच आहे.

तू चार महिन्यांची होतीस. अनंत चतुर्दशी झाली होती, गावातला गणपती उशिरा विसर्जन झाला, आम्ही बायका बारा वाजता झोपलो असू. 30 सप्टेंबरच्या पहाटे चारला दोन-चार मिनिटं कमी असताना उतरंडीवरची भांडी वाजायला लागली, मला वाटलं मांजर आलंय. मग पाळण्याच्या कड्या आपोआप हलताना दिसल्या आणि किलच्यांमधनं तुझ्या अंगावर, तुझ्या पांढऱ्या झबल्यावर माती पडली. बारीक, पिठासारखी. मी तुला तशीच उचलली, डोक्यावर काही घ्यायचं सुद्धा सुचलं नाही, चौकात येऊन उभी राहिले. आजोबा कंदील घेऊन आले आणि सगळ्यांची नावं घेत मोजत होते, एकदा मोजून झालं की परत पहिल्यापासनं.

आपल्याकडं नुसता हादरा होता. सकाळी रेडिओवर किल्लारी ऐकलं, सास्तूर ऐकलं. दहा हजाराच्या आसपास माणसं गेली गं. तिथली घरं आपल्यासारखीच, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजन, झोपेतच अंगावर आलं सगळं. म्हणून हल्ली कुणी मातीच्या घराचं नुसतं कौतुक करतं, जुनं ते सोनं म्हणतं, तेव्हा मला राग येतो. जुनं घर नीट ठेवलं नाही तर माणूस मारतं. आजोबा त्या दिवशी दिवसभर काही बोलले नाहीत, संध्याकाळी दरवाजाजवळच्या ढाळजेत बसल्यावर एवढंच म्हणाले, आपल्याच मंगळवेढ्यात चोखोबा गावकुसाची भिंत बांधताना भिंतीखाली गेले, भिंतीचं भय आपल्याला नवीन नाही.

त्या वर्षी आसपासच्या गावांत कितीतरी लोकांनी माळवदं उतरवली आणि पत्रे टाकले. आजोबांनी सोप्यावरचं, म्हणजे ओसरीवरचं, माळवद उतरवलं, कारण पाळणा सोप्यात बांधलेला असायचा. माजघराचं ठेवलं, पण त्यावरची निम्मी माती खरवडून खाली टाकली, एवढ्या वर्षांचे थर चढून चढून वजन किती झालं होतं ते तेव्हा कळलं, बैलगाड्या भरून माती निघाली. सुतार बोलावून प्रत्येक खणाखालचा खांब ठोकून बघितला, दोन तुळयांखाली नवीन पाय दिले. आणि त्यानंतर नियम केला की आधी खरवडायचं, मग नवीन माती टाकायची, जाडी फार वाढू द्यायची नाही. तुला तो सोप्याचा पत्रा आवडत नाही, पावसात आवाज होतो, मे महिन्यात दुपारी तिथं बसवत नाही, मलाही आवडत नाही. पण तो तुझ्यासाठी टाकलेला पत्रा आहे बाळा.

आणि मग माजघर. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असताना उंबऱ्याच्या आत पाय टाकला की अंगावर जो गारवा येतो तो मला आपल्या फ्लॅटमध्ये एसीनं कधी मिळाला नाही. दोन हात जाडीच्या भिंती, खाली शेणानं सारवलेली जमीन, आणि वरनं सवण्यातनं, म्हणजे माळवदातल्या भोकातनं, येणारा उजेडाचा एकच गोळा. तू बघितलायस तो पण तुला आठवत नसेल. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवर देवळीजवळ असतो, मग हळूहळू खाली उतरून जमिनीवर येतो. आज्जीला घड्याळ बघता यायचं नाही. गोळा जात्याच्या पाळीला टेकला की शेतातली भाकरी बांधायची, धान्याच्या बळदाच्या तोंडापाशी गेला की म्हशीला पाणी दाखवायचं. तिचं दहा-पंधरा मिनिटं सुद्धा चुकायचं नाही, थंडीत आणि उन्हाळ्यात गोळ्याची वाट बदलते, ते पण तिला माहीत असायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या हातात मनगटी घड्याळ होतं, दुसऱ्या महिन्यापासनं मीपण गोळा बघायला लागले. मागच्या रविवारी मी एकटीच होते तिथं, कोपऱ्यात शेंगदाणे निवडत बसलेले, तेव्हा बघितलं, त्या उजेडात धूळ इतकी सावकाश फिरते की तिच्याकडं बघत माझं निवडणंच थांबलं. गोळा जात्याला टेकला आणि मी सवयीनं उठले. उठल्यावर लक्षात आलं की आता भाकरी बांधून कुणाला द्यायची.

बळदात अजून पायलीभर ज्वारी असते, मी मुद्दाम टाकते. दुष्काळात कोठारं उघडणाऱ्या दामाजीच्या गावाकडचं घर, बळद रिकामं शोभत नाही, हे आज्जीचं वाक्य. बहात्तरच्या दुष्काळात मात्र ते रिकामं झालं होतं असं तीच सांगायची, खडी फोडायला गेली होती ती, परत आल्यावर सुकडी खायची. त्या साली माळवदाला माती घातली नाही. माती होती पण कालवायला पाणी नव्हतं. हे सांगताना तिला उपाशी राहिल्याचं एवढं वाटायचं नाही, माळवद तसंच राहिलं याचं वाटायचं.

अजून एक गोष्ट आहे, पप्पांनी तुला सांगितली नसेल. फेब्रुवारीत एक माणूस गाडी घेऊन आला होता, जुनं लाकूड घेणारा. त्यानं दिंडी दरवाजाचे, खांबांचे, कोरीव कणीचे फोटो काढले, टेप लावून मापं घेतली आणि पैसे सांगितले. चांगले सांगितले. म्हणाला हॉटेलवाले घेतात असलं सगळं, शोभेला लावतात. पप्पा विचारात पडले होते, त्यांना पण दोष देत नाही. मी दरवाजाच्या आतला अडसर ओढून बघत होते, तो भिंतीतनं सरसर येतो ना, जिथं रोज हात पडतो तिथं लाकूड आतल्या बाजूला खोल झालंय, अंगठा बरोब्बर बसतो. किती जणांनी रात्री तो ओढून घर बंद केलं असेल. हॉटेलात तो अडसर कशाला ओढतील? त्या माणसाला चहा दिला आणि कळवतो म्हणून पाठवून दिलं.

मी तुला हे घर कायम ठेवा म्हणून सांगत नाही. उतारा आता पप्पांच्या नावावर आहे, पुढं तुझ्या नावावर होईल, तेव्हा तूच ठरवशील, आणि पाडायचं ठरवलंस तर मी अडवणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की फोटो बघून ठरवू नकोस. तू जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला आलीस, मग तासभर गावी गेलो, हुरडा खाल्ला, दारात उभं राहून फोटो काढले, तू म्हणालीस किती सुंदर आहे गं, आणि आपण परत निघालो. तेवढ्यात घर कळत नाही. मला स्वतःला कळायला तीन-चार उन्हाळे लागले, पहिल्या वर्षी तर मी चुलीपुढं बसून रडले होते की कुठं येऊन पडले, माहेरी आरसीसी होतं माझ्या. ज्या दिवशी पहिल्यांदा मी माळवदावर चढून माती ठोकली, खाली येऊन अंग धुतलं, आणि त्याच रात्री वळवाचा पाऊस आला आणि आम्ही सगळे अंथरुणात पडून छताकडं बघत होतो, एक थेंब पडला नाही, तेव्हा आत्या अंधारातनं म्हणाल्या, बसली गं तुझी माती. मला त्या दिवशी सासर मिळालं असं मी धरते.

तर मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी ये. हुतात्मा एक्सप्रेसनं शुक्रवारी रात्री सोलापूरला उतर, पहाटे आपण गाडीनं निघू. सुतार येऊन बसलेल्या कोपऱ्याची तुळई बदलून गेलाय, बाकीचे खांब त्यानं ठोकून बघितलेत, चांगले आहेत म्हणाला, दिमक एका ठिकाणी होती तिथं औषध मारलंय. तुला शिडीवर चढवायला मला भीती नाही. पप्पा खालनं घमेली देतील, तेवढं त्यांना जमतं. दुपारी माजघरात झोपू, संध्याकाळी परत थोडं काम, रात्री माळवदावर अंथरुणं टाकू, ओल्या कोपऱ्यापासनं लांब.

पांढरीची एक ट्रॉली ट्रॅक्टरवाल्यानं कालच ढाळजेसमोर आणून टाकली, भुस्कटाची दोन पोती शेजारनं मिळाली. माती मी शुक्रवारीच भिजवायला सांगून ठेवते म्हणजे शनिवारी सकाळी तुडवायला तयार असेल. जुना ड्रेस आण. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी न्यायची आहे तुला, बॅग मोकळी ठेव. आणि हिरव्या बांगड्या मी आणून ठेवल्यात, तुझ्या मापाच्या, हात लावायच्या आधी घाल.

तुझी,
आई