नवीन घराचा पत्ता

नैरोबी, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवरच सांगितलं असतं, पण बाबा लगेच स्पीकर लावतात आणि आत्या शेजारीच बसलेली असते. म्हणून पत्र. प्रिंट काढताना अक्षरं मोठी ठेवायला दादाला सांगितलंय.

पार्कलँड्समधलं कंपनीचं गेस्ट हाऊस मी सोडलं. किलिमानीत दोघींबरोबर फ्लॅट घेतलाय, आणि नोकरीही दोन वर्षांनी वाढवून घेतली. दोन्हीकडे सह्या झाल्या. आधी विचारलं असतं तर तुम्ही 'तुझं तू बघ' म्हणाला असतात आणि मग रात्रभर जागत बसला असतात. ते मला नको होतं.

गेस्ट हाऊसवर पोळीभाजी आयती मिळायची, कबूल. पण संध्याकाळी तिथे बसलं की मी नैरोबीत आहे की सातारच्या एमआयडीसीत, तेच कळायचं नाही.

दोघींपैकी न्येरीची मुलगी मला नैवाशाला गुलाबांच्या शेतावर ठिबकच्या कामात भेटली. जोमो केन्याटा कृषी विद्यापीठातली आहे. दुसरी किसुमूची, वकील. दोघींवर सरकारी शैक्षणिक कर्ज आहे, इथे सगळे 'हेल्ब' म्हणतात. पगार झाला की आधी त्याचा हप्ता, मग धाकट्या भावाची फी, आजीचं औषध. सगळं मोबाइलवरून, एम-पेसाने. (हे इथे २००७ पासून आहे, बाबा. तुमच्या फोनपेच्या कितीतरी आधी.) उरलेलं चामात. मैत्रिणी दरमहा पैसे काढतात आणि पाळीपाळीने एकीला देतात. आईची भिशीच, फक्त चिवड्याऐवजी चहा आणि मंदाझी. मलाही घेतलंय त्यात. रविवारी दोघींच्या आयांचे फोन येतात, एकीचा लुओत, दुसरीचा किकुयूत. मला दोन्ही भाषा येत नाहीत, पण लग्नाचं विचारतायत हे यांच्या चेहऱ्यांवरून लगेच कळतं.

बाबा, जून २०२४ मध्ये संसदेतली आग टीव्हीवर पाहून तुम्ही दिवसभर जेवला नव्हतात, आईने सांगितलं मला. ते नव्या करांविरुद्ध होतं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी ते विधेयक मागे घेतलं. आता रोजचं सगळं सुरळीत आहे. इमारतीला पहारेकरी आहे. बाहेर पडलं की लोकेशन आणि टॅक्सीचा नंबर आम्ही तिघींच्या ग्रुपवर टाकतो. त्याच वर्षी जानेवारीत बायकांच्या खुनांविरुद्ध इथे हजारो बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, तेव्हापासून या दोघी हे फार काटेकोर पाळतात. वाचून घाबरू नका. गेस्ट हाऊसवर मी किती वाजता आले हे कुणी विचारतही नव्हतं.

आई, स्वयंपाकघराचं खरं तेच सांगते. किसुमूची म्हणजे तळ्याकाठची, मासे शिजणारच. माझी कढई आणि तवा वेगळा आहे. आत्याला एवढं तपशिलात सांगायची गरज नाही. तूरडाळ, पोहे डायमंड प्लाझात मिळतात. चपाती तर इथे घरोघरी होते. न्येरीचीची माझ्यापेक्षा मऊ होते, तेल जरा सढळ. शहर महाबळेश्वरहून उंच, जुलैत स्वेटर लागतो. तू विणलेला निळाच घालते.

झोपेत पाय अजून पांघरुणाबाहेर येतात. बाबा, तुम्ही रात्री उठून ते आत सारायचात ना, तेव्हा मी बऱ्याचदा जागीच असायचे.

कराडच्या मंडळींना आता स्पष्ट नाही कळवा. 'दोन वर्षं थांबा' म्हणू नका, त्यांच्या मुलाचाही वेळ जातो. तुम्हाला अवघड वाटत असेल तर नंबर द्या, मी बोलते. मला लग्नच नको असं नाही, आई. हे नको.

आणि मोतीबिंदूची तारीख घ्यायची. 'तू आलीस की बघू' हे पुरे. दिवाळीला मी येतेच आहे, विमान सहा तासांचं तर आहे, पण ऑपरेशन त्याआधी. दादा रजा काढणार आहे, त्याच्याशी बोलणं झालंय. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, पेपर वाचून झाल्यावर नाही. संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीत स्कूटर न्यायची नाही, अजिंक्यताऱ्यावर एकट्याने जायचं नाही आणि ट्यूब बदलायला स्टुलावर तर अजिबात चढायचं नाही. रागावून सांगत नाहीये.

तुमची,
छोटी

ता. क. किसुमूचीला मेतकूट आवडलंय, उगालीवर, म्हणजे इथल्या मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीवर, घालून खाते. डबा संपत आला. दिवाळीला जास्त करून ठेव.